सुका कचरा फक्त कोरडा ठेवा, निम्मं काम तिथंच होतं

आमच्याकडे हिरवा डबा आणि निळा डबा येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मला मनापासून वाटायचं की आपण कचऱ्याचं सगळं बरोबर करतोय. हिरव्यात ओलं, निळ्यात सुकं, सकाळी घंटागाडीचा आवाज आला की दोन्ही डबे घेऊन खाली. मग एकदा गाडीवरच्या दादांनी माझा निळा डबा माझ्यासमोरच उपडा केला, आणि त्यातून निघालं काय, तर तळाशी दोन चमचे दही राहिलेला दह्याचा डबा, चहा सांडलेले दोन पेपर कप आणि अख्खा आठवड्याचा पेपर, जो त्या दह्यात आणि चहात भिजून लगदा झालेला. दादा रागावले वगैरे काही नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, कोरडं असतं ना तर बाजूला काढून ठेवलं असतं, आता हे सगळं डेपोलाच जाणार."

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून ठेवलीये. डबे किती आहेत, कुठल्या रंगाचे आहेत, ते नंतर बघू, आधी सुका कचरा खरंच कोरडा आहे का ते बघायचं. कारण तो कोरडा असेल तर पुढे त्याला हात लावणारी माणसं आहेत, गाडीवरचे दादा आहेत, कचरा वेचणाऱ्या मावश्या आहेत, भंगारवाले आहेत, ते त्यातून घेण्यासारखं काढतात. आणि एकदा का तो ओला झाला की कागद कुजतो, त्याला बुरशी येते, प्लास्टिकला खरकटं चिकटून वास मारतं, मग कोण कशाला हात घालेल त्यात. म्हणजे आपण वेगवेगळं करून दिलं तरी ते पुढे एकच होऊन जातं, आणि आपल्याला वाटतं आपण केलं.

खाली जे लिहितेय ते सगळं मी नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्या-किचनच्या घरात करते, नोकरी करून करते, त्यामुळे वेळ नाही जागा नाही हे मला माहितीये. जास्तीचं काम दिवसाला पाच मिनिटांच्या वर नाहीये.

पिशवी कुठे लटकवायची

पहिलं म्हणजे नवीन डबे विकत आणू नका. तांदळाची दहा किलोची पिशवी येते ना, ती विणलेली, कड्यांची, ती घ्या आणि ओट्याच्या अगदी जवळ, हात पोचेल अशा ठिकाणी खिळ्याला किंवा हुकला लटकवा. आमची किचनच्या दाराच्या मागे आहे. आधी आमचा निळा डबा बाहेर गॅलरीत होता आणि गंमत नाही खरं सांगते, त्या सहा पावलांमुळेच सगळं बिघडायचं, हातात बिस्किटाचा कागद असला की गॅलरीत कोण जाणार, तो गेला ओल्याच्या डब्यात कारण तो डबा सिंकखाली हाताशी होता. पिशवी हाताशी आणल्यावर घरात कुणाला काही सांगावंच लागलं नाही, सासूबाईंनासुद्धा नाही.

ओल्याचा डबा छोटा ठेवा, झाकणाचा, आणि रोज रिकामा होईल एवढाच. आणि त्याला प्लास्टिकची पिशवी लावू नका ही माझी हात जोडून विनंती आहे. आपला ओला कचरा पाथर्डी शिवारातल्या खत प्रकल्पात जातो, तिथे त्याचं खत व्हायचं असतं, आणि आपण गाठ मारून प्लास्टिकमध्ये दिला की ती गाठ कुणाला तरी सोडावी लागते नाहीतर पिशवीसकट सगळं पुढे जातं. त्याऐवजी पेपरची दोन पानं आडवी-उभी टाकून डब्यात बसवा, पाणी शोषलं जातं, डबा घाण होत नाही, आणि रिकामा करताना कागदासकट सरळ गाडीत. खरकट्यातलं पाणी आधी सिंकमध्ये चाळणीने निथळून घेतलं तर डब्याला वास पण मारत नाही, उन्हाळ्यात तर हे कराच.

दुधाची पिशवी

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण ज्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही त्याने इथून करावी. रोजची एक किंवा दोन पिशव्या, म्हणजे महिन्याच्या तीस ते साठ, प्रत्येक घरात, आणि हे प्लास्टिक चांगलं असतं, एलडीपीई म्हणतात त्याला, एकाच प्रकारचं असतं, म्हणून भंगारवाले धुतलेल्या दुधाच्या पिशव्या वेगळ्या घेतात. पण दुधाची पिशवी न धुता ठेवली तर दुसऱ्या दिवशी जो वास सुटतो त्याने घरातला माणूसच ती उचलून कुठल्याही डब्यात कोंबतो आणि विषय संपतो.

तर करायचं असं. पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, आडवी चीर द्यायची आणि तो तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा. तो नखाएवढा त्रिकोणी तुकडा वेगळा झाला ना की तो कुणालाच सापडत नाही, उचलताही येत नाही, तो केराबरोबर जातो, मोरीत जातो, नाल्यात जातो, आणि नाशकातले नाले शेवटी कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे, नासर्डीत नाहीतर सरळ गोदावरीत. एका पिशवीचा एक तुकडा, आता अख्ख्या शहराची रोजची दुधं धरा. चीर दिली की दूध काढून झाल्यावर पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवायचं, ते दुधाळ पाणी कणकेत घालायचं किंवा भाजीच्या रश्श्यात, फेकायचं काहीच नाही, आणि पिशवी उलटी करून खिडकीच्या जाळीला चिमट्याने लावायची. अर्ध्या तासात कोरडी. मग घडी घालून त्या तांदळाच्या पिशवीत. आमच्याकडे एक जुना डालड्याचा डबा आहे त्यात फक्त दुधाच्या पिशव्या रचून ठेवतो, महिन्याभरात जाडजूड गठ्ठा होतो आणि भंगारवाल्या भाऊंना तो तसाच देता येतो.

दोन आठवडे फक्त एवढंच केलं तरी चालेल. बाकी काही नको. हात एकदा वळला की तोच हात दह्याच्या डब्याला पण लागतो, तुपाच्या पिशवीला पण लागतो.

पाण्याचं म्हणाल तर, हो, मलाही तोच प्रश्न पडला होता, मार्च-एप्रिलनंतर गंगापूर धरणातलं पाणी खाली जायला लागलं की आपल्याकडे कपातीच्या बातम्या सुरू होतात, तेव्हा कचरा धुवायला पाणी कुठून आणायचं. उत्तर सोपं आहे, नळ सोडायचाच नाही. भांडी विसळून झाल्यावर शेवटच्या पातेल्यात जे पाणी उरतं त्यात डबे, झाकणं, पिशव्या बुडवून काढायच्या. चकचकीत करायची गरज नाहीये, खरकटं निघालं आणि सुकलं की बास. तेलकट डबा असेल तर आधी रद्दी पेपरने पुसा, मग बुडवा. आणि लोणच्याच्या किंवा चटणीच्या पाउचमध्ये तेल एवढं चिकटलेलं असतं की ते धुवायला बादलीभर पाणी लागेल, तर ते धुवत बसू नका, कात्रीने कापून उलगडून पेपरने पुसून टाका.

त्रिकोणातला आकडा

प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाशी त्रिकोण असतो आणि त्यात 1 ते 7 मधला एक आकडा. तो माझ्या मुलाने मला शिकवला, चौथीत होता तेव्हा. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. 2 म्हणजे जाड एचडीपीई, शाम्पूच्या, फिनाइलच्या बाटल्या, तेलाचे कॅन. 4 म्हणजे ते दुधाच्या पिशवीवालं. 5 म्हणजे पीपी, हॉटेलातून पार्सल येतं ते काळे-पांढरे डबे बहुतेक हेच असतात. या चौघांना भंगारात किंमत आहे, बाटली असेल तर झाकण काढून, हवा काढून चेपून ठेवा, जागा निम्मी लागते. 3 म्हणजे पीव्हीसी, ते घरात पाइप-बिइप सोडून फारसं नसतं. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलाच, त्याला सहसा कुणी घेत नाही कारण वजन काहीच नाही आणि जागा भरपूर, म्हणून तो घरात येऊच न देणं हाच त्यावरचा उपाय. तसंही 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलच्या प्लेटा-वाट्या आल्याच, आणि 1 जुलै 2022 पासून तर देशभरात प्लास्टिकच्या स्ट्रॉ, चमचे, प्लेटा, सजावटीचा थर्माकोल सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे बारशाला-वाढदिवसाला कुणी आणत असेल तर सरळ नको म्हणा, पत्रावळी मिळतात की रविवार कारंजाला.

आता वेफर्स, कुरकुरे, बिस्किटं यांचे कागद. आतून चंदेरी असतात ते. ते एक प्लास्टिक नसतं, दोन-तीन थर आणि मध्ये धातूचा पातळ मुलामा असं एकत्र चिकटवलेलं असतं, ते थर परत वेगळे करणं परवडत नाही म्हणून भंगारवाला ते घेत नाही. तरी ते ओल्यात टाकायचं नाही, सुक्यातच द्यायचं, कारण असं प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये जळण म्हणून वापरता येतं, आणि ओल्यात गेलं की खतात चंदेरी तुकडे चमकत राहतात. एका मोठ्या रिकाम्या पाकिटात बाकीची छोटी पाकिटं कोंबून ठेवा म्हणजे वाऱ्याने उडत नाहीत. बाटलीत हे कागद ठासून विटा करतात तो प्रकार मी पण केला होता, पण माझं मत सांगते, तुमच्या ओळखीत त्या विटा खरंच वापरणारं कुणी असेल तरच करा, नाहीतर पेटची चांगली विकली जाणारी बाटली त्या कागदांच्या नादात वाया जाते.

ज्यूस-ताकाचे जे पुठ्ठ्याचे खोके असतात, टेट्रापॅक, त्यात साधारण तीन चतुर्थांश कागद असतो आणि बाकी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम. ते पण वाया नाही. एक घोट पाणी घालून हलवून ओतायचं, कोपऱ्यांचे कान उघडायचे, चपटं करायचं, सुकवायचं. स्ट्रॉ आत ढकलून ठेवली तर हरवत नाही.

कागद, पुठ्ठा आणि द्राक्षांचे बॉक्स

रद्दी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दिली जाते, ते कुणाला शिकवायला नको, पण मध्ये हा ऑनलाइन शॉपिंगचा पुठ्ठा एवढा वाढलाय की तो रद्दीपेक्षा जास्त होतो. बॉक्स आला की त्याच दिवशी टेप ओढून काढायची, नाव-पत्ता-मोबाइल नंबरचं लेबल फाडायचं, आणि चपटा करून कपाटामागे सरकवायचा. नंतर करू म्हणून ठेवला की त्यात बाकीचं सामान जमायला लागतं. कागदाचा धागा साधारण पाच ते सात वेळा परत वापरता येतो असं म्हणतात, प्रत्येक वेळी तो आखूड होत जातो, म्हणून कोरा, स्वच्छ पुठ्ठा हा फार कामाचा माल आहे, त्याला तेल लागू देऊ नका.

कागद म्हणून ठेवायचं नाही असं पण बरंच आहे. मिसळीच्या पार्सलचा तर्री लागलेला कागद, वडापावचा तेलकट कागद, टिश्यू, हे रद्दीत नको, हे फाडून ओल्यात टाका, फक्त आत प्लास्टिकचा थर नाही ना ते बघा, कागद फाडताना पातळ पापुद्रा ताणला गेला तर समजायचं प्लास्टिक आहे. चहाचे पेपर कप आतून प्लास्टिकचे असतात, ते रद्दीत चालत नाहीत, खरं म्हणजे ऑफिसला स्वतःचा कप नेणं हाच मार्ग. आणि दुकानातली ती गुळगुळीत बिलं, ज्यांवरची अक्षरं उन्हात ठेवली की उडतात, ती थर्मल कागदाची असतात, त्यावर केमिकलचा लेप असतो, ती रद्दीतही नको आणि खतातही नको. मिठाईच्या बॉक्सचा चंदेरी कागद काढून टाकला की उरलेला पुठ्ठा चालतो.

एक खास आपल्याकडची गोष्ट. जानेवारी ते एप्रिल प्रत्येक घरात कुठून ना कुठून द्राक्षाचा बॉक्स येतोच, कुणाच्या तरी मामाची बाग असते पिंपळगावला नाहीतर दिंडोरीला. एक्सपोर्टचा बॉक्स असेल तर त्यात वर एक पांढरं कागदासारखं पॅड असतं, ग्रेप गार्ड. तो साधा कागद नाहीये. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओलाव्याने त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि द्राक्षाला बुरशी लागत नाही. ते पॅड खताच्या कुंडीत टाकू नका, मुलांच्या हातात देऊ नका, वासाने खोकला लागतो. पेपरात गुंडाळून खाली सांगितलेल्या वेगळ्या डब्यात. बाकी पुठ्ठा एकदम भारी असतो, आमच्याकडे तेच बॉक्स वर्षभर रद्दी ठेवायला वापरतो.

ज्याने हात कापतो, ज्याने आग लागते

हा भाग प्लीज सोडू नका. मी एकदा गाडीवरच्या ताईंच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी बघितली होती, फुटक्या ग्लासने कापलेला. तेव्हापासून काच फुटली, ब्लेड बदललं, सुई-इंजेक्शन असलं, की जाड पेपरात तीन-चार घड्या, वर सुतळी, आणि लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात "काच" लिहायचं, आणि तो पुडा पिशवीत न टाकता हातात वेगळा द्यायचा, तोंडाने सांगून. सॅनिटरी पॅड आणि डायपर पण तसंच, पेपरात नीट गुंडाळून, वर लाल ठिपका. कचऱ्याच्या 2016 च्या नियमांमध्येच हे गुंडाळून द्यायचं लिहिलं होतं, आणि त्याच नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते, दोन नाही. तो तिसरा भाग बहुतेक घरांत नसतोच.

त्या तिसऱ्या भागासाठी एक झाकणाचा जुना प्लास्टिकचा डबा पुरतो. त्यात रिमोटचे सेल, बंद पडलेले सीएफएल बल्ब, मुदत संपलेल्या गोळ्या, डासांच्या मशीनच्या रिकाम्या बाटल्या, ते ग्रेप गार्ड. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, फुटली तर झाडूने लगेच गोळा करायला जाऊ नका, खिडक्या उघडा, थोडा वेळ थांबा, मग पुठ्ठ्याने उचला. आणि मोबाइलची किंवा पॉवर बँकची बॅटरी फुगलेली असेल तर ती सुक्या कचऱ्यात अजिबात, अजिबात टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते आणि भोवती सगळा कागद-प्लास्टिक असतो. ती बाकीच्यांपासून वेगळी, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. जुने मोबाइल, चार्जर, वायरी, माऊस यांना ई-कचरा म्हणतात, त्याचे नवीन नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेत, त्यात या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर त्या रिसायकल करून घ्यायची जबाबदारी टाकलीये, म्हणून नवीन वस्तू घेताना दुकानात जुनी घेता का असं विचारायचंच. वायर जाळून तांबं काढणाऱ्याला देऊ नका, त्या धुराचा त्रास त्यालाही आणि आजूबाजूच्या पोरांनाही.

भंगारवाले भाऊ आणि बोहारीण

रिसायकलिंग हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं दारावर येतायत. आजी जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेलं घ्यायची, फाटलेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसणं संपेपर्यंत ते कापड घरातच असायचं. हे परत सुरू करायला कुठे काय अडतंय. सुती कपड्याचे चौकोन कापून ओट्यावर ठेवले की टिश्यूचा रोल लागत नाही.

भंगारवाल्या भाऊंशी एक दिवस ठरवून घ्या. आमचा महिन्याचा पहिला रविवार, दहाच्या सुमारास. आधी ते ज्या दिवशी हाक मारत जायचे तेव्हा मी ऑफिसात आणि मी घरी असताना ते नाहीत, मग पिशवी भरली की वैतागून सगळं घंटागाडीत. दिवस ठरल्यापासून एकदाही तसं झालं नाही. रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, लोखंड, ॲल्युमिनियम असं वेगवेगळं गठ्ठे करून दिलं की त्यांना तिथे बसून निवडावं लागत नाही आणि भाव पण बरा देतात. कोल्ड्रिंकचे कॅन, फुटके कुकर, वाकलेले झारे, हे कधीच कचऱ्यात नको, ॲल्युमिनियम वितळवून परत करायला नव्याने खनिजापासून काढण्याच्या मानाने साधारण 95 टक्के कमी वीज लागते. आणि दोन-चार रुपयांसाठी काट्यावरून वाद घालू नका असं मला वाटतं. आपल्या घरातली जागा मोकळी होतेय, तो माणूस उन्हात हातगाडी ढकलत अंबडपर्यंत जाणारे.

कचरा घंटागाडीत देताय आणि भंगारवाला येत नाही अशी अडचण असेल तर सुकी पिशवी रोज देऊ नका, आठवड्यातून एकदा भरलेली द्या. भरलेली, कोरडी, एकाच प्रकारची पिशवी असली की ती वेगळी ठेवली जायची शक्यता जास्त.

ओल्याचं घरी काही करायचं असेल तर

करायलाच पाहिजे असं नाही. पण दोन कुंड्या ठेवायला गॅलरी असेल तर रंगाची रिकामी बादली घ्या, बुडाला आणि बाजूने भोकं पाडा, खाली नारळाच्या शेंड्या, वर एक ओंजळ ओलं, दोन ओंजळी वाळलेला पालापाचोळा, वर चमचाभर आंबट ताक, आणि हे रोज असंच. पालापाचोळा सकाळी सोसायटीत झाडून जाळतात ना तोच मागून घ्या, जाळण्यापासून पण वाचतो. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, पाला घाला. माशी आली म्हणजे वरचा थर उघडा राहिला. शिजवलेलं तेलकट अन्न आणि मटणाची हाडं यात नको, त्यांनी उंदीर येतात. दीड-दोन महिन्यांनी तळाचं काळं, मातीच्या वासाचं झालं की ते खत. आमच्याकडे कांद्याची सालं सगळ्यात जास्त, लासलगाव जवळ असल्यावर दुसरं काय होणार, ती पटकन कुजत नाहीत म्हणून चुरून टाकायची.

निर्माल्य पण याच्यातच बसतं. हाराचा दोरा काढायचा, चमकी आणि प्लास्टिकची फुलं काढायची, बाकीचं बादलीत. होळकर पुलावरून निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून गोदेत सोडणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं, कारण ती श्रद्धेनेच करतायत. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं होतं की आई, देवाची फुलं आपल्या तुळशीच्याच मुळाशी जाऊ देत. त्यांना पटलं, आणि आता शेजारच्या काकूंचं निर्माल्य पण आमच्याच बादलीत येतं. 2027 च्या सिंहस्थाला प्रत्येक घरात पाहुणे असणारेत, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या, त्यांची फुलं, सगळं आपल्याच डब्यात येणार, तेव्हा सवय आत्ताच लागलेली बरी.

घरच्यांना सांगताना तक्ते चिकटवू नका, कुणी वाचत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना आधी विचारा, कारण केर त्याच भरतात, आणि पिशवी कुठे लटकवली तर त्यांना सोपं पडेल हे त्यांनाच जास्त कळतं. आमच्या मावशींनीच सांगितलं की सिंकच्या बाजूला नको, तिथे शिंतोडे उडतात, दारामागे लावा. कुणी चुकून दह्याचा डबा तसाच टाकला तर ओरडायचं नाही, काढायचा, बुडवायचा, सुकवायचा, परत टाकायचा.

आणि जूनमध्ये पाऊस लागला की हे सगळं एकदा नव्याने बघावं लागतं. गॅलरीत, जिन्यात, पार्किंगमध्ये ठेवलेला पुठ्ठा हवेतल्या दमटपणानेच मऊ पडतो. जून ते सप्टेंबर आम्ही रद्दी पलंगाखाली द्राक्षाच्या बॉक्समध्ये ठेवतो, दुधाच्या पिशव्या जाळीला न लावता गॅसच्या ओट्यावरच्या दांडीला चिमट्याने लावतो, शेगडीपासून हातभर लांब, तिथे त्या सुकतात. भंगारवाले भाऊ पावसात एखादा रविवार येत नाहीत, तेव्हा पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं, ओल्या दिवशी बाहेर काढून ठेवायचं नाही. आणि घंटागाडीला सुकी पिशवी देताना पाऊस असेल तर तिचं तोंड सुतळीने बांधून, उलटी करून द्यायची, म्हणजे गाडीत वरून पाणी पडलं तरी आतला कागद कोरडा राहतो.